उसन्या नावाआडचा माणूस

लग्नाची वरात ऐन रंगात आली की बँडवाला ‘नागिन’ची बीन काढतो. मग कुणीतरी एक उत्साही भाचा तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळण घेतो, दुसरा हाताचा फणा करून डोलू लागतो. ही बीन कानावर पडली नाही असा मराठी माणूस विरळा. पण १९५४च्या त्या सिनेमात ती बीन कुठल्या गारुड्यानं वाजवलेली नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात तिचा आवाज काढला होता कल्याणजी वीरजी शहा यांनी, क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर. जोडीला रवी यांची पेटी होती. कल्याणजी-आनंदजी ही जोडी नावारूपाला येण्याआधीची ही गोष्ट.

क्लॅव्हियोलिन हे वाद्य कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ साली घडवलं. छोटा कीबोर्ड, आत काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह, आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्यानं ढकलायची एक दांडी. त्यावर एका वेळी एकच सूर वाजतो. पेटीसारखी चार बोटं दाबून उपयोग नाही. या एकसुरीपणामुळेच त्यातून गळ्याचा किंवा फुंकवाद्याचा भास निघतो. मुंबईच्या स्टुडिओत त्याची बीन झाली. पुढे काही वर्षांनी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या मॅक्स क्रूक नावाच्या तरुणानं हेच वाद्य उघडलं, त्यात टीव्हीचे, घरगुती उपकरणांचे सुटे भाग जोडले, सूर वाकवता येतील आणि पट्टी लांबेल अशी सोय केली आणि त्याला ‘म्युझिट्रॉन’ असं नाव दिलं. १९६१च्या ‘रनअवे’ या गाण्याच्या मध्यावर जो तीक्ष्ण, किंचाळत वर चढणारा तुकडा येतो तो या म्युझिट्रॉनचा. आपल्या नागिणीच्या बिनीचा तो सख्खा चुलतभाऊ.

‘रनअवे’ गायलं डेल शॅनननं. साठच्या दशकातलं पाश्चात्त्य पॉप संगीत आवडणाऱ्या कुणालाही हे नाव सांगावं लागत नाही. मला सांगायचं आहे ते चार्ल्स वेस्टओव्हरबद्दल. हे दोघे एकच. पण १९६८ साली या माणसानं एक तबकडी काढली, तिच्या नावात आपलं जन्मनाव घातलं, आणि ती तबकडी अशी बुडाली की पुढची कित्येक वर्षं जुन्या रेकॉर्डी धुंडाळणारे शौकीन सोडले तर तिचं नावही कुणी काढलं नाही. गेले काही महिने मी ती पुन्हा पुन्हा ऐकतो आहे.

चार्ल्स वीडन वेस्टओव्हर ३० डिसेंबर १९३४ रोजी ग्रँड रॅपिड्स इथे जन्मला आणि जवळच्या कूपर्सव्हिल या शेतकऱ्यांच्या गावात वाढला. आधी युकुलेली, मग गिटार. कान तयार झाला तो हँक विल्यम्सच्या कंट्री गाण्यांवर, म्हणजे विरह, दारू आणि एकटेपणा यांच्यावर. १९५४ साली लष्करात भरती, जर्मनीत वास्तव्य. परत आल्यावर बॅटल क्रीक गावात दिवसा गालिचे विकायचे आणि रात्री हाय-लो नावाच्या क्लबात गिटार वाजवायची असा त्याचा दिनक्रम होता. बँडच्या म्होरक्याला दारूपायी काढून टाकलं तेव्हा चार्ल्स पुढे झाला आणि स्वतःला चार्ली जॉन्सन म्हणवू लागला. नाव बदलण्याची ही पहिली खेप. १९५९ साली मॅक्स क्रूक आपलं ते जोडजंतर वाद्य घेऊन या बँडमध्ये आला.

मग ती रात्र. क्लबात वाजवता वाजवता क्रूकनं ए मायनरवरून अचानक जी या स्वरमेळावर उडी मारली. वेस्टओव्हर थबकला. काय वाजवलंस, पुन्हा वाजव, म्हणाला. तिथल्या तिथे चाल धरली. दुसऱ्या दिवशी गालिच्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना शब्द लिहिले आणि रात्री क्लबात गाणं लोकांपुढे आलं. क्रूकच्या वाट्याच्या वेळी त्यानं फक्त, तू काहीतरी वाजव, एवढंच सांगितलं. प्रेयसी सोडून गेलेला माणूस पावसातून चालतो आहे आणि ती का गेली असेल याचा विचार करतो आहे, एवढीच त्या गाण्याची गोष्ट.

अ‍ॅन आर्बर इथले रेडिओ निवेदक ऑली मॅक्लॉफ्लिन यांनी या मंडळींची ध्वनिमुद्रणं डेट्रॉइटच्या हॅरी बाल्क आणि अर्व्हिंग मिकानिक या व्यवस्थापकांपर्यंत पोचवली. १९६० साली बिग टॉप या कंपनीशी करार झाला. वेस्टओव्हर हे नाव चालणार नाही, असं ठरलं. हाय-लोमध्ये येणारा एक गडी कुस्तीगीर व्हायची स्वप्नं बघत स्वतःला मार्क शॅनन म्हणवायचा, त्याच्याकडून ‘शॅनन’ घेतलं. दुकानाच्या मालकाची गाडी कॅडिलॅक कूप डी व्हिल होती, तिच्यातून ‘डेल’ काढलं. गिऱ्हाईक आणि मालकाची मोटार या दोघांकडून उसनं घेऊन हे नाव तयार झालं. वयही कापलं गेलं. पुढे कित्येक वर्षं संदर्भग्रंथांत त्याचं जन्मसाल १९३९ असं छापलं जात होतं.

नाव गेलं, वय गेलं, राहिला आवाज. पण तोही त्या रेकॉर्डवर पुरता त्याचा राहिला नाही. जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या बेल साउंड स्टुडिओत ‘रनअवे’ ध्वनिमुद्रित झालं. गायक किंचित खाली उतरतो आहे असं बाल्कला वाटलं, म्हणून त्यानं टेप थोडी वेगानं फिरवून घेतली. ए मायनरमध्ये गायलेलं गाणं बी फ्लॅट मायनरच्या जवळ जाऊन बसलं आणि आवाज पातळ, कोवळा, घाईत असल्यासारखा झाला. गायकानं तक्रार केली की हा माझा आवाजच वाटत नाही. त्यावर बाल्कचं उत्तर असं की तुझा आवाज कसा आहे हे कुणाला ठाऊक आहे?

बाल्कचं व्यापारी गणित बरोबर होतं. एप्रिल १९६१ मध्ये ‘रनअवे’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे तिथून हललं नाही. उन्हाळ्यात ब्रिटनमध्येही ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. ‘हॅट्स ऑफ टू लॅरी’ पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलं. १९६३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीटल्सबरोबर एका कार्यक्रमात गाताना त्यानं त्यांचं ‘फ्रॉम मी टू यू’ ऐकलं, अमेरिकेत परतून ते स्वतः गायलं आणि बीटल्सची रचना अमेरिकी यादीत पहिल्यांदा शिरली ती डेल शॅननच्या आवाजात, ७७व्या क्रमांकावर. व्यवस्थापकांशी हिशोबावरून बिनसलं, तेव्हा आई-वडिलांच्या नावांची अक्षरं जुळवून ‘बर्ली’ नावाची स्वतःची कंपनीही काढून पाहिली. ती चालली नाही. तरी १९६५च्या सुरुवातीला ‘कीप सर्चिन’ नवव्या क्रमांकावर होतं. आणि मग ओहोटी लागली.

१९६६ मध्ये तो कॅलिफोर्नियात आला. लिबर्टी कंपनीनं त्याला करारात घेतलं आणि इतरांची गाजलेली गाणी त्याच्याकडून पुन्हा गाऊन घ्यायला सुरुवात केली. ज्यानं हाय-लोमध्ये उभ्या उभ्या ‘रनअवे’ रचलं त्याला दुसऱ्यांची गाणी हातात देणं याचं मला फार वाईट वाटतं. १९६७ साली रोलिंग स्टोन्सचे निर्माते अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांनी त्याला लंडनला बोलावून एक संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला. तंतुवाद्यांची दाट वीण, थरावर थर, सगळं वैभवशाली. लिबर्टीनं तो कपाटात ठेवला. त्यातली बरीचशी गाणी लोकांपुढे यायला १९७८ साल उजाडलं.

लंडनहून रिकाम्या हातानं परतलेल्या माणसानं यानंतर जे केलं ते महत्त्वाचं.

तो काळ समजून घ्यायला हवा. जून १९६७ मध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला होता. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या माँटेरे महोत्सवात पंडित रविशंकर यांची सतार हजारो तरुण-तरुणी ऐकत होते. सायकेडेलिक म्हणजे मनाचे पापुद्रे सोलून दाखवणारं संगीत अशी ओळख रुजत होती. त्यात उलटी फिरवलेली टेप होती, घोगरी केलेली गिटार होती, प्रतिध्वनीच्या गुहा होत्या, सतार आणि तबला होता. जुनं क्लॅव्हियोलिनसुद्धा या लाटेत परत आलं. बीटल्सच्या १९६७च्या ‘बेबी, यू आर अ रिच मॅन’मध्ये सनईसारखं जे वाजतं ते जॉन लेननच्या हातचं क्लॅव्हियोलिन. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन तर मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत येऊन इथल्या वादकांकडून ‘वंडरवॉल’चं संगीत वाजवून घेत होता. मुंबईत क्लॅव्हियोलिनची बीन होते, लंडनमध्ये त्याचीच सनई होते, ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू होती.

त्याच सुमाराला, १९६८च्या सुरुवातीला, लिबर्टीनं डेल शॅननची नवी तबकडी बाजारात आणली. तिचं नाव ‘द फर्दर अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ चार्ल्स वेस्टओव्हर’. चार्ल्स वेस्टओव्हरची पुढील साहसं. निर्मिती डग ब्राउन आणि डॅन बुर्जवा यांची. बुर्जवा हा शॅननचा जवळचा मित्र. ‘पुढील साहसं’ म्हणताना आधीची कुठली, असा प्रश्न पडतो. कारण आधीच्या साऱ्या साहसांवर दुसऱ्याचंच नाव होतं. मला या शीर्षकात हाच दावा ऐकू येतो की गालिचे विकणारा, लष्करात गेलेला, क्लबात ताटकळलेला जो माणूस होता, त्याची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

आपल्याकडे नावांची ही वाटणी वाचकाला परकी नाही. शिरवाडकर नाटक लिहायचे ते वि. वा. शिरवाडकर म्हणून आणि कविता लिहायचे ती कुसुमाग्रज म्हणून. गडकऱ्यांनी कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदासाठी बाळकराम घेतला. तिथे टोपणनाव हे लेखकानं स्वतःच्या हातानं बांधलेलं दुसरं घर असतं. वाचकाला दोन्ही पत्ते माहीत असतात. वेस्टओव्हरचं तसं नव्हतं. त्याला मिळालेलं नाव हे दुकानाची पाटी होती, आणि पाटीमागे कोण राहतं हे कुणी विचारलेलं नव्हतं.

आता तबकडीबद्दल. रात्री कानांवर हेडफोन लावून ही ऐकायला हवी, आणि एका बैठकीत. पहिलं गाणं ‘थिंकिन इट ओव्हर’ अजून ओळखीच्या रस्त्यावरचं आहे. जुन्या चाहत्याला घाबरवायचं नाही, असं म्हणत असल्यासारखं. मग हळूहळू उजेड कमी होतो. ‘सिल्व्हर बर्च’, ‘कलर फ्लॅशिंग हेअर’, ‘जेमिनी’ ही नावंच बघा. भूर्जाचं झाड, रंग उडवणारे केस, मिथुन रास. ‘रिव्हर कूल’ आणि ‘मॅजिकल म्युझिकल बॉक्स’ही त्यात आहेत. चाली जड, तंतुवाद्यांची सावली गायकाच्या मागे दाटत जाते.

या काळात पॉप गायकांनी काढलेल्या सायकेडेलिक तबकड्या मी बऱ्याच ऐकल्या आहेत. पुष्कळांत एक उसनवारी जाणवते. फुलाफुलांचा शर्ट नवा असतो आणि आतला माणूस तसाच. इथे तसं होत नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण भयाची, एकटेपणाची, मागे वळून बघण्याची जी जागा या संगीताला हवी होती ती या गायकाकडे पहिल्यापासून होती. ‘रनअवे’ पुन्हा ऐका. पावसात चालणारा तो माणूस आनंदी कधीच नव्हता, फक्त टेप वेगात फिरवल्यामुळे तो धावतोय असं आपल्याला वाटलं. ‘जेमिनी’मध्ये तोच माणूस सावकाश चालताना भेटतो. हँक विल्यम्सपासून निघालेली वेदनेची वाट इथे येऊन पोचते, आणि वाटेत कुठे खीळ लागलेली दिसत नाही. ही तबकडी अल्बम म्हणून निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. एकदोन गाणी भरतीची आहेत, आणि शेवटचं ‘न्यू ऑर्लिन्स’ मला या मैफलीत बसत नाही. पण ‘सिल्व्हर बर्च’ एवढं एकच गाणं असतं तरी ही तबकडी जपून ठेवावी अशी आहे.

तबकडी अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत शिरलीच नाही. त्यातून निघालेली छोट्या तबकड्यांवरची गाणीही पहिल्या शंभरात आली नाहीत.

का? ऐकणाऱ्यांची तेव्हा फाळणी झाली होती. एकीकडे एएम रेडिओ, तीन मिनिटांची गाणी आणि शाळकरी वयाची मुलं. दुसरीकडे एफएमवर रात्री उशिरा अख्खी बाजू वाजवणारे निवेदक, नोव्हेंबर १९६७ मध्ये निघालेलं ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिक आणि आपण पॉप ऐकत नाही, रॉक ऐकतो असं अभिमानानं सांगणारे कॉलेजातले तरुण. पहिल्या गटाला ही गाणी अंधारी वाटावीत. दुसऱ्या गटाला ‘डेल शॅनन’ हे नाव दिसताच तबकडी खाली ठेवावीशी वाटावी. वेस्टओव्हर नावाचा माणूस तर दोघांच्याही ओळखीचा नव्हता. जुनं नाव आडवं आलं आणि खऱ्या नावाला कुणी दार उघडलं नाही.

हे एकट्याचं दुखणं नव्हतं. त्याच वर्षी बॉबी डॅरिननं जे केलं ते इतकं सारखं आहे की मी थक्क होतो. ‘मॅक द नाइफ’ या गाण्यानं १९५९ साली नऊ आठवडे पहिला क्रमांक अडवून ठेवलेला, टक्सिडो घालून नाइट क्लब गाजवणारा हा गायक. १९६८ साली त्याला कळलं की जिला आपण आजन्म बहीण समजत आलो ती आपली आई आहे. त्याच वर्षी जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. त्यांच्या प्रचारात तो मनापासून उतरला होता. तो सगळं आवरून कॅलिफोर्नियाच्या बिग सर किनाऱ्यावर एका ट्रेलरमध्ये जाऊन राहिला. मग स्वतःची कंपनी काढून जी तबकडी आणली तिचं नाव होतं ‘बॉबी डॅरिन, बॉर्न वॉल्डन रॉबर्ट कॅसोटो’. जन्मनाव थेट शीर्षकात. मिशी ठेवून, डेनिम घालून तो स्वतःला बॉब डॅरिन म्हणवू लागला. क्लबात आलेल्या लोकांना मात्र ‘मॅक द नाइफ’च हवं होतं. काही वर्षांत टक्सिडो परत अंगावर चढला. डिसेंबर १९७३ मध्ये, हृदयाच्या जुन्या आजारानं, वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला. त्याची ती तबकडी सायकेडेलिकपेक्षा लोकगीतांच्या वळणाची आहे, पण बोट त्याच दुखऱ्या जागी पडतं. फ्रँकी व्हॅली आणि फोर सीझन्स या मंडळींनीही १९६९च्या सुरुवातीला अख्खं वर्तमानपत्र वेष्टन म्हणून छापून ‘जेन्युइन इमिटेशन लाइफ गॅझेट’ ही तबकडी काढली. तीही पडली. तिच्याविषयी स्वतंत्र लिहायला हवं.

शॅननचे कान चुकीचे नव्हते, याचा पुरावा लगेचच मिळाला. १९६९ साली त्यानं हेरलेल्या ‘स्मिथ’ या बँडचं ‘बेबी इट्स यू’ त्याच्या मांडणीत पाचव्या क्रमांकावर गेलं. १९७० मध्ये त्यानं निर्मिलेलं ब्रायन हायलंडचं ‘जिप्सी वुमन’ तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. दुसऱ्यांच्या नावावर त्याला यश मिळत होतं. सत्तरच्या दशकात दारूनं त्याला गाठलं. दशक संपता संपता तो त्यातून बाहेर आला. या सगळ्या वर्षांत डॅन बुर्जवा त्याच्यासोबत होता. १९७५ मध्ये बुर्जवानं ‘बग म्युझिक’ ही संस्था सुरू केली, ती शॅननच्या गाण्यांचे हक्क आणि मानधन त्याला परत मिळवून देण्याच्या कामातून. ‘चार्ल्स वेस्टओव्हर’ या नावाला एका तबकडीपुरती जागा देणाऱ्यांपैकी एकानं पुढे त्या नावाच्या माणसाला त्याच्या गाण्यांची मालकी मिळवून द्यावी, हे वाचून मला बरं वाटलं.

रॉकगायक टॉम पेटीनं १९८१ साली शॅननचा ‘ड्रॉप डाउन अँड गेट मी’ हा अल्बम घडवला, त्यातलं ‘सी ऑफ लव्ह’ पुन्हा यादीत आलं. जेफ लिन आणि माइक कँबेल यांच्यासोबत नव्या तबकडीचं काम चालू असताना, ८ फेब्रुवारी १९९० रोजी, कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरिटा इथल्या घरी त्यानं आपलं आयुष्य संपवलं. तो ५५ वर्षांचा होता आणि नैराश्याशी झगडत होता. या मृत्यूला १९६८च्या अपयशाशी जोडणारी सोपी रेघ कुणी ओढू नये. मधे बावीस वर्षं होती आणि त्यांत पुष्कळ चांगलंही घडलं होतं.

मॅक्स क्रूक २०२० साली गेला. ती बातमी वाचली त्या रात्री मी एक प्रयोग केला. हल्ली संगणकावर कुठलंही गाणं हवं तेवढं सावकाश करता येतं. ‘रनअवे’ घेतलं आणि जेमतेम अर्धा सूर खाली आणलं, बाल्कनं टेप फिरवण्याआधी ते जिथे होतं तिथे. म्युझिट्रॉनची किंकाळी जरा जाड झाली, बिनीच्या आणखी जवळ आली. आणि गाणारा मुलगा एकदम मोठा झाला. सव्वीस वर्षांचा, बायको असलेला, दिवसभर दुकानात उभं राहून पाय दुखलेला माणूस गात होता. गाणं संपल्यावर मी हात न लावता ‘सिल्व्हर बर्च’ सुरू होऊ दिलं. आवाज बदलला नाही.